रॉक बँडसाठी गाणी लिहिताना: सरावाच्या खोलीपासून करारापर्यंत

कवितेची वही जवळ असते, मित्रांपैकी कोणी गिटार तर कोणी ड्रम वाजवत असतो, आणि एके दिवशी 'आमच्यासाठी एक गाणं लिहून दे' असा निरोप येतो. माझ्या ओळखीच्या नाशिकच्या बहुतेक बँड-गीतकारांची सुरुवात अशी झाली आणि माझीही तशीच झाली. मग आपण रात्र जागून चार कडवी लिहितो, ती व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि पुढच्या आठवड्यात कळते की त्यांतल्या दोनच ओळी चालीत बसल्या आणि बाकीच्या गायकाने स्वतःच बदलल्या. पहिला रुसवा इथे येतो. पुढे जे सांगणार आहे ते या रुसव्यावरचा उपाय म्हणून वाचावे. गीतकाराने बाहेरून शब्द पाठवण्याऐवजी बँडचा सभासद व्हावे, सरावाच्या खोलीत बसून लिहावे, आणि सभासद म्हणून आपला वाटा पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर आणावा.

वाद्य न वाजवणारा माणूस बँडचा सभासद असतो, ही कल्पना आपल्याकडे अनेकांना नवी वाटते. परंतु रॉक संगीतात ती जुनी आहे. प्रोकोल हारम या इंग्लिश बँडची गाणी कीथ रीड यांनी लिहिली आणि ते मंचावर न जाताही बँडचे सभासद मानले गेले. किंग क्रिमसनच्या सुरुवातीच्या काळात पीट सिनफिल्ड शब्द लिहीत आणि कार्यक्रमांत प्रकाशयोजना सांभाळत. ग्रेटफुल डेड हा अमेरिकी बँड १९९४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला, तेव्हा गीतकार रॉबर्ट हंटर यांचा समावेश बँडच्या सभासदांतच केला गेला. याउलट कॅनडाच्या रश या बँडमध्ये १९७४ साली आलेले ड्रमवादक नील पर्ट हेच पुढे त्यांचे मुख्य गीतकार झाले. बर्नी टॉपिन आणि एल्टन जॉन यांची गाठ १९६७ साली एका संगीत साप्ताहिकातील जाहिरातीमुळे पडली, आणि त्यांच्या जोडीत शब्द आधी व चाल नंतर असाच क्रम राहिला. आपण यांपैकी कोणत्या पद्धतीने काम करणार, हे बँडशी पहिल्याच भेटीत बोलून घ्यावे. नव्या बँडमध्ये चाल बहुधा रिफमधून, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यातून जन्मते. त्यामुळे तयार चालीवर शब्द लिहिण्याची तयारी ठेवावीच लागते.

खोलीत बसणे

नाशिकमध्ये सरावाची खोली म्हणजे कधी अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा गाळा, कधी कॉलेज रोडवरच्या फ्लॅटमधली गाद्या लावून आवाज अडवलेली खोली, तर कधी गावाबाहेरच्या मळ्यातले रिकामे घर असते. जागा कोणतीही असो, पहिले तीन-चार सराव काही न लिहिता केवळ ऐकावेत. फोनवर सगळे रेकॉर्ड करावे आणि फाईलला तारखेचे नाव द्यावे. या काळात दोन गोष्टी टिपून ठेवायच्या असतात: गायकाचा आवाज कोणत्या स्वरापर्यंत मोकळा जातो आणि कुठे तो दाबून काढावा लागतो, आणि तो एका श्वासात किती लांब ओळ पेलतो. बहुतेक नवे गीतकार कल्पनेतल्या गायकासाठी लिहितात. आपल्याला समोरच्या गळ्यासाठी लिहायचे आहे.

चाल तयार होत असताना गायक निरर्थक अक्षरे गुणगुणतो. त्यांना डमी म्हणतात. हे डमी बोल गीतकाराच्या फार उपयोगाचे असतात, कारण उंच स्वरावर गायकाच्या तोंडून आपोआप जो स्वरवर्ण निघतो, तो त्याच्या गळ्याला सोपा असतो. गायक वरच्या सुरावर 'ना आ आ' असे म्हणत असेल, तर त्या जागी आपला शब्द 'आ'वर उघडणारा असावा. 'आ' आणि 'ओ' हे मोकळे स्वर उंचावर टिकतात; 'ई' आणि 'ऊ' तिथे चिमटतात, आणि गायक नकळत 'ई'चा 'ए' करतो. मी एकदा कोरसच्या, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणाऱ्या भागाच्या, सर्वोच्च स्वरावर 'माती' हा शब्द लिहिला होता. गायकाने तो महिनाभर 'माते' असा गायला, आणि ऐकणाऱ्यांना ते देवीचे गाणे वाटू लागले. शेवटी ओळ फिरवून तिथे 'मातीला' आणला, तेव्हा 'ला' मोकळा सुटला आणि अर्थही परत आला.

डमी लिहून काढताना अक्षरांऐवजी केवळ स्वरांचा सांगाडा लिहावा: आ, ए, आ, ओ, असा. मग त्या सांगाड्यावर मराठी शब्द शोधावेत. हे काम शब्दकोड्यासारखे संथ चालते, एका कोरसला दोन आठवडेही लागतात, आणि तेवढे द्यावेत.

रिफवर शब्द बसवणे

मराठी गीतकाराला एक मोठी सोय वारशाने मिळालेली आहे, ती म्हणजे मात्रांचा हिशोब. ह्रस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ अक्षराच्या दोन मात्रा हे आपण शाळेत शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. रॉकमधील नेहमीचा चार ठोक्यांचा आवर्त घेतला आणि प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले, की आठ मात्रा मिळतात. केरवा तालाच्याही मात्रा तेवढ्याच. मिनिटाला १२० ठोके ही लय धरली तर असा एक आवर्त दोन सेकंदांचा होतो, आणि सोळा मात्रांची ओळ चार सेकंदांत गायली जाते.

रात्रपाळीवर लिहिलेल्या एका गाण्याच्या या दोन ओळी पाहाव्यात:

भोंगा वाजे अंबडपाशी
झोप उशाशी ठेवुन आलो

पहिली ओळ मोजली तर भों-गा-वा-जे यांच्या आठ आणि अं-ब-ड-पा-शी यांच्या आठ, अशा सोळा मात्रा भरतात. प्रत्येक दीर्घ अक्षर ठोक्यावरच सुरू होते, त्यामुळे ओळ सरळ, यंत्राच्या फेऱ्यासारखी चालते. दुसरी ओळही आठ अधिक आठ आहे. 'ठेवून'मधला ऊकार इथे ह्रस्व केला आहे. कवितेतली ही जुनी सवलत गाण्यातही घ्यावी, मात्र शब्द ऐकताना ओळखू येतो ना, हे तपासावे. आता त्याच गाण्याची पुढची ओळ अशी आहे:

हात यंत्रात, मन वाटेवर

याही मात्रा सोळाच. पण 'हा' दोन, 'त' एक अशा तीन मात्रा गेल्यावर 'यं' चौथ्या मात्रेवर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये येतो, आणि 'त्रा' सहाव्या मात्रेवर तसाच मध्ये पडतो. ओळ अडखळते. रिफ सरळ असेल तर ही चूक आहे. परंतु गिटारवादकाने त्याच जागी ठोका चुकवून आघात ठेवला असेल तर शब्द आणि तार एकाच वेळी अडखळतात, आणि ऐकणाऱ्याला यंत्रात अडकलेला हात जाणवतो. आम्ही ती ओळ ठेवली आणि रिफ बदलला. मात्रा मोजल्या म्हणजे काम संपले, असे होत नाही. दीर्घ अक्षर कोणत्या मात्रेवर सुरू होते, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतो, हेही लक्षात ठेवावे. 'अंबड' आपण 'अम्-बड्' असा दोन तुकड्यांत म्हणतो, 'ठेवुन' 'ठे-वुन्' असा म्हणतो. सुदैवाने हिशोब बिघडत नाही, कारण दोन ह्रस्व अक्षरे मिळून एक जड अक्षर होते आणि दोन मात्रा दोनच राहतात. जुन्या पदांत आणि अभंगांत हा 'अ' सुटा करून गायला जातो. रॉकचे गाणे बोलण्याच्या जवळ असते, म्हणून तिथे तो गिळलेलाच चांगला वाटतो. गायकाने एका ओळीत 'बड' सुटा गायला आणि दुसऱ्या ओळीत गिळला, तर गाणे उसन्या भाषेतले वाटू लागते. त्यामुळे कुठे काय करायचे ते वहीत खूण करून ठरवावे.

व्यंजनांचा विचार वाद्यांच्या संदर्भात करावा. ओळीच्या शेवटी 'क', 'ट', 'प' आले तर ओळ कापल्यासारखी संपते आणि जोरकस गिटारमधूनही ऐकू येते. 'स' आणि 'श' यांची सळसळ झांजांच्या आवाजात मिसळून जाते. ड्रमवादक झांजेवर जोर देत असेल त्या भागात हे वर्ण कमी ठेवावेत. 'ळ' हा आपला खास वर्ण आहे आणि हिंदी-इंग्रजी गाणी गाऊन तयार झालेला गायक त्याला 'ल'कडे झुकवतो. 'काळ' आणि 'काल' यांत अर्थाचा जो फरक आहे, तो गायकाला समजावून सांगण्यात संकोच करू नये. तीच गोष्ट 'चार'मधला 'च' आणि 'चाक'मधला 'च' यांची, 'जीव'मधला 'ज' आणि 'जाळ'मधला 'ज' यांची. माझ्या मते मराठी रॉक परका वाटण्याचे कारण अनेकदा संगीतात नसते. ते या उच्चारांत असते.

सहा मात्रांच्या डुलत्या लयीसाठी अभंगाचा छंद फार उपयोगी पडतो. मोठ्या अभंगात अक्षरे मोजायची असतात: सहा, सहा, सहा आणि चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. गोदापात्रातील काँक्रीट हा आपल्या शहरातला जुना वादाचा विषय आहे. त्यावर लिहिताना मी हा छंद घेतला होता:

नदीच्या पात्रात, काँक्रीट पडले
झरे हे दडले, कोणासाठी

शेवटच्या चरणात दोन अक्षरे कमी असतात. ती मोकळी जागा शब्दांनी भरू नये. तिथे बास गिटार किंवा ड्रमचा तुकडा येऊ द्यावा. संतांच्या रचनांत ती जागा टाळ-मृदंगाला मिळते, आपल्याकडे ती बँडला मिळते. मुंबईचा अभंग रिपोस्ट हा बँड संतांचे अभंगच ड्रम आणि गिटारच्या साथीने गातो. ही वाट शोधणाऱ्याने त्यांचे कार्यक्रम ऐकावेत आणि चौथ्या चरणानंतर वाद्ये काय करतात याकडे लक्ष द्यावे. आणखी एक गोष्ट नाशिककराला आयती मिळते, ती म्हणजे ढोल. माझ्या परिचयाच्या दोन ड्रमवादकांचा हात गणेशोत्सवातल्या ढोल पथकात तयार झाला आहे, आणि त्यांच्याबरोबर लिहिताना मिरवणुकीतल्या ठेक्याचे बोल तोंडाने म्हणत ओळ रचली की ती पहिल्याच सरावात बसते.

कोरस थोड्या शब्दांत असावा आणि त्यातली पहिली ओळ एकटीने उभी राहील अशी असावी, कारण मोकळ्या मैदानात, बऱ्या-वाईट ध्वनियंत्रणेवर, श्रोत्याला बहुधा तेवढीच नीट ऐकू येते.

विषय आणि भाषा

रॉकसाठी लिहायचे म्हणून अंधार, आग, बंड आणि रक्त यांची यादी समोर ठेवू नये. इंग्रजी गाण्यांवर वाढलेला गीतकार सुरुवातीला मनातल्या मनात भाषांतर करतो. माझ्या पहिल्या वहीत तुटलेली हृदये आणि रस्त्याच्या शेवटी दिसणारे दिवे भरपूर होते, आणि त्यांतले काहीही मी कधी पाहिलेले नव्हते. पुढे मी एक नियम केला: ज्या जागी मी स्वतः उभा राहिलो आहे आणि जे वाक्य मी कोणाच्या तरी तोंडून ऐकले आहे, तिथूनच गाणे सुरू करायचे. पहाटे पंचवटी एक्स्प्रेस पकडून रोज मुंबईला जाणारा पासधारक, लासलगावच्या बाजार समितीत लिलाव पुकारला जात असताना ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसलेला शेतकरी, द्राक्षाच्या बागेत अवकाळी पावसाच्या रात्री फवारणीचा हिशोब करणारे घर, नोटांच्या छापखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले आजोबा: ही माणसे आपल्या आजूबाजूला आहेत, आणि त्यांचा राग, कंटाळा, चिवटपणा या संगीताला हवा तसाच आहे. मंदिरे, घाट आणि मिसळ यांची नावे ओळीत ओवली म्हणजे गाणे नाशिकचे होत नाही.

बोलीबद्दल थोडे सावध राहावे. बागलाण, कळवण, मालेगाव या भागांत अहिराणी बोलली जाते आणि तिचा ठसका गाण्यात सुंदर उतरतो. परंतु ती लिहिणाऱ्याच्या किंवा गाणाऱ्याच्या घरची असेल तरच ती वापरावी. घरी प्रमाण मराठी बोलणाऱ्या गायकाने अहिराणीचा आव आणला की पहिल्या रांगेतल्या श्रोत्याला ते लगेच कळते. परभाषेतले शब्द मात्र रोजच्या बोलण्यात असतील तर बिनधास्त यावेत: शिफ्ट, गेट, हप्ता, टँकर, सिग्नल हे सगळे आता आपलेच आहेत, आणि 'हप्ता' तर फारसीतून येऊन कधीचा घरचा झाला आहे.

वाचनासाठी शहरात अडचण नाही. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, ज्याला आपण सावाना म्हणतो, तिथे जुने कवितासंग्रह, पोवाडे आणि लावण्यांची पुस्तके मिळतात. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ साली जन्मलेले लोकशाहीर वामनदादा कर्डक यांची गाणी गावोगावच्या गायकांच्या तोंडी कशी राहिली, याचा अभ्यास बँडच्या गीतकाराने जरूर करावा. ध्वनिवर्धक नीट नसलेल्या सभेत, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला, एकाच वेळी कळेल असा शब्द कसा निवडावा, हे तिथे शिकायला मिळते. बँडसमोरचा प्रश्न अगदी तोच असतो.

इतरांच्या कविता वापरण्याचा प्रश्नही इथेच येतो. नाशिकमधल्या जवळजवळ प्रत्येक मराठी बँडला कधी ना कधी कुसुमाग्रजांची कविता रॉकमध्ये करावीशी वाटते. इच्छा चांगली आहे. पण भारतीय कायद्यानुसार साहित्यकृतीवरचा स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. कुसुमाग्रजांचे निधन १० मार्च १९९९ रोजी झाले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत आहे आणि हक्कधारकांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय रेकॉर्डिंग करता येत नाही. वामनदादांचे निधन २००४ मध्ये झाले. तिथे ही मुदत २०६४ च्या अखेरपर्यंत जाते. संतांचे अभंग मोकळे आहेत. मात्र एखाद्या संगीतकाराने अलीकडे लावलेली चाल मोकळी नसते, म्हणून अभंग घेतला तरी चाल पारंपरिक असावी किंवा स्वतःची करावी.

कागद

आता ज्या भागाकडे आपण सगळे दुर्लक्ष करतो, त्याकडे वळतो. माझ्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण काही वर्षांपूर्वी ऑनलाइन प्रसिद्ध झाले, तेव्हा गीतकाराच्या रकान्यात बँडचेच नाव होते. कोणाचा वाईट हेतू नव्हता. ज्याने माहिती भरली त्याला तो रकाना महत्त्वाचा वाटला नाही. पण माझ्याकडे दाखवायला एकही सही केलेला कागद नव्हता, आणि ते नाव दुरुस्त व्हायला कित्येक महिने गेले. त्या महिन्यांत आमच्या मैत्रीवर जो ताण आला तो मला आजही आठवतो, आणि म्हणून हा भाग मी सविस्तर लिहितो आहे.

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मध्ये संगीतकृतीची जी व्याख्या आहे तीत शब्दांचा समावेश होत नाही. गाण्याचे शब्द ही स्वतंत्र साहित्यकृती मानली जाते. म्हणजे एकाच गाण्यात शब्दांचा हक्क, चालीचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क असे तीन वेगळे हक्क असतात. शब्द लिहून पूर्ण झाले की त्यांचा हक्क आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नसते. तरीही वादाच्या वेळी पुरावा म्हणून नोंदणी उपयोगी पडते. ती दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन करता येते, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये असते आणि अर्जानंतर आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावे लागते. प्रत्येक गाणे नोंदवणे परवडत नसेल तर निदान तारीख असलेले सगळे मसुदे जपावेत.

बँडशी करायचा करार दोन पानांचा आणि साध्या मराठीतला असला तरी चालतो. तो लेखी असावा आणि त्यावर सह्या असाव्यात. त्यात गाण्याचे नाव, कोणते हक्क दिले, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे लिहावे. काळ लिहिला नाही तर कायदा तो पाच वर्षांचा धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर केवळ भारत धरतो. मूळ करारात ज्या माध्यमाचा उल्लेख नाही आणि जे तेव्हा वापरातच नव्हते, त्याचे हक्क आपोआप जात नाहीत. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या स्वामित्वधनात, म्हणजे रॉयल्टीत, गीतकाराला ज्याला हक्क दिले त्याच्या बरोबरीचा वाटा मिळावा आणि तो सोडून देण्याचा करारही करता येऊ नये, अशी तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने झाली आहे. एकरकमी पैसे घेऊन 'सर्व हक्क कायमचे दिले' असे लिहिलेला कागद कोणी पुढे केला, तर ही दुरुस्ती नम्रपणे दाखवावी. आपले नाव लावले जाण्याचा आणि कृतीची मोडतोड होऊ न देण्याचा लेखकाचा हक्क तर, हक्क विकल्यानंतरही, शिल्लक राहतो.

बँडच्या आतली वाटणी हा त्याहून नाजूक विषय आहे. चाल कोणाची, हे सरावाच्या खोलीत ठरवणे अवघड असते, कारण गिटारवादकाचा रिफ, गायकाची सुरावट आणि कधी कधी कीबोर्डवरचा चार सुरांचा तुकडा यांतून ती घडते. वर उल्लेख केलेल्या प्रोकोल हारमच्या १९६७ मधील पहिल्याच गाण्याबद्दल ऑर्गनवादक मॅथ्यू फिशर यांनी तब्बल ३८ वर्षांनी, २००५ मध्ये दावा लावला, आणि २००९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने संगीताच्या हक्कातील ४० टक्के वाटा त्यांचा असल्याचा निकाल कायम केला. तो वाद संगीताच्या हक्कापुरता होता. हे उदाहरण मी प्रत्येक नव्या बँडला सांगतो. शब्दांचा वाटा पूर्णपणे गीतकाराचा, चालीचा वाटा प्रत्येक गाण्यासाठी वेगळा, आणि ध्वनिमुद्रण खर्च करणाऱ्यांच्या नावे, अशी मांडणी मला सर्वांत कमी भांडणाची वाटते. काही बँड सगळेच समान वाटतात. तेही चांगले आहे, फक्त मग गीतकारही त्या समान वाटणीत असावा. शब्द आणि चाल या वेगळ्या कृती असल्याने तेच शब्द दुसऱ्या बँडला नव्या चालीत देता येतील का, हेही करारात स्पष्ट करावे.

गाणे प्रसिद्ध करताना ते ऑनलाइन पोचवणाऱ्या वितरकाकडे माहिती भरायची असते, तेव्हा गीतकार स्वतः शेजारी बसलेला असावा आणि आपले नाव आधार कार्डावर आहे त्याच वर्णरचनेत प्रत्येक ठिकाणी द्यावे. ध्वनिमुद्रणाला त्याची ओळख म्हणून मिळणारा बारा चिन्हांचा आयएसआरसी क्रमांक टिपून ठेवावा. यानंतर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, या १९६९ साली स्थापन झालेल्या संस्थेचे सभासद व्हावे. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्या वतीने ही संस्था स्वामित्वधन गोळा करून वाटते. सभासद होणे पुरेसे नसते. प्रत्येक गाणे वाट्याच्या टक्केवारीसह तिथे नोंदवावे लागते, नाहीतर जमा झालेला पैसा कोणाचा हे संस्थेला कळत नाही.

कार्यक्रम आणि उपजीविका

कार्यक्रमाच्या दिवशी गीतकाराला काम नसते असे समजून घरी बसू नये. साउंडचेकच्या वेळी प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेत उभे राहून शब्द कुठे बुडतात ते टिपावे. महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या बंदिस्त सभागृहात आणि उघड्या मैदानात ती जागा वेगवेगळी असते. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो, आणि कार्यक्रम उशिरा सुरू झाला की शेवटचे गाणे कापले जाते. म्हणून नवे आणि जीव ओतलेले गाणे शेवटी ठेवण्याचा हट्ट धरू नये. बाहेरचे बँड ऐकण्यासाठी २००८ पासून गंगापूरजवळच्या द्राक्षमळ्यांत सुरू झालेला सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव ही शहराजवळची एक संधी आहे.

पैशांबद्दल मी स्पष्ट लिहितो. बँडच्या गाण्यांवर घर चालवणारा एकही मराठी गीतकार मला नाशिकमध्ये भेटलेला नाही, आणि मी स्वतः नोकरी करूनच लिहितो. हे कमीपणाचे नाही. नोकरीने मला रात्रपाळीचे गाणे दिले. मात्र लिहिण्याच्या कौशल्याला शेजारची कामे मिळतात: राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांसाठी आणि महाविद्यालयांच्या एकांकिकांसाठी गीते, कारखान्यांतल्या सुरक्षा सप्ताहाची गाणी, स्थानिक जाहिरातींच्या ओळी, मालिकांची शीर्षकगीते. यांतल्या प्रत्येक कामासाठीही वरचाच करार थोडा बदलून वापरावा आणि काम सुरू करण्याआधी अर्धे मानधन मागावे. पहिल्या वेळी ते मागताना जीभ अडखळते, दुसऱ्या वेळी नाही.

बँड फुटतात. कोणाला पुण्यात नोकरी लागते, कोणाचे लग्न होते, कोणाच्या घरची जबाबदारी वाढते. त्यासाठी प्रत्येक गाण्याची एक वेगळी फाईल पहिल्यापासून ठेवावी: शब्दांचा अंतिम मसुदा तारखेसह, मात्रांच्या आणि श्वासाच्या खुणा केलेली प्रत, पहिल्या सरावापासूनची ध्वनिमुद्रणे, लय आणि पट्टी, सह्या केलेला करार, आयएसआरसी क्रमांक आणि आयपीआरएसमधील नोंद. आमचा गायक बंगळूरला गेला तेव्हा अशा अकरा फाइली माझ्याजवळ होत्या. नवी गायिका आली, तिचा गळा वेगळा होता, तिची पट्टी तीन सुरांनी वर गेली आणि 'मातीला'मधला 'ला' तिला खुपू लागला. मी जुना मसुदा काढला, आम्ही अंबडच्या गाळ्यात बसून पुन्हा डमीपासून सुरुवात केली, आणि त्या जागी आता दुसराच शब्द आहे.